कोरडा नळ

गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत पाणी आठव्या-नवव्या दिवशी येतं. कोरडा नळ कधी उघडा ठेवायचा नसतो, हे इथल्या पोरासोरांनाही कळतं. मला, पन्नाशीला आलेल्या बाईला, कळायला नको?

कुरडया घालायच्या होत्या. गच्ची धुवावी म्हणून वॉचमनमामांकडून किल्ली घेतली आणि टाकीखालचा नळ सोडला. ठणठणीत कोरडा. चरफडत खाली आले, कुरडया गॅलरीतच घातल्या. नळ तसाच उघडा राहिला. दुपारी पाणी आलं, मामांनी मोटार लावून खालच्या हौदातलं सगळं वरच्या टाकीत चढवलं, आणि ते त्या नळातून मागच्या गटारात गेलं.

संध्याकाळी घरोघरी ठणठणाट. मला नळ आठवला. किल्ली अजून माझ्याकडेच होती. वर जाऊन नळ बंद केला आणि किल्ली मामांच्या खुर्चीवर ठेवून दिली. पुरावासुद्धा मीच मिटवला.

पार्किंगमध्ये सगळे जमले. मामांनी पाणी शेजारच्या बांधकामाला विकलं, असं ठरूनही गेलं.

"म्या नाय विकलं, साहेब."

"मग गेलं कुठं?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोलेन म्हणून ते थांबले होते. मी पदराचं टोक पिळत उभी. दुसऱ्या दिवशी मामांची जिन्याखालची खोली रिकामी झाली.

त्यानंतर मला जेवण गोड लागलं नाही. पण गिळत मात्र होते.

काही महिन्यांनी ते उस्मानपुऱ्यात एका दुकानासमोर पोती उतरवताना दिसले. मी माफी मागायला लागले, तर म्हणाले, "लोकांचं जाऊ द्या, ताई. बायको बी चोर समजती. तिला तेवढं खरं सांगा, लई उपकार व्हतील." मागच्या गल्लीतली पत्र्याची खोली त्यांनी बोटानं दाखवली.

धीर सुटायच्या आत मी तडक गेले. मला ओळखून त्यांच्या बायकोनं सतरंजी टाकली, माठातून पेला भरून दिला.

"आमच्या माणसानं तुमचं पाणी विकलं, ताई," ती खाली मान घालून म्हणाली. "तरी बी तुम्ही दारात आल्या. माफ करा त्यांना."

मी पेला रिकामा केला. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मन ओरडत होतं.

"जाऊ द्या," मी म्हटलं, "होते माणसाकडून चूक."