नाक खिशात

"नाक खिशात!" लॅबमध्ये शिरता शिरता मॅडम ओरडायच्या आणि आम्ही शाळकरी पोरांसारखे एका सुरात "ठेवलं!" म्हणायचो.

नाशिकच्या आमच्या हॉस्पिटलात रोगजंतू ओळखणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख. तुम्ही कधी लॅबवाल्यांना जवळून पाहिलं असेल, तर आमची एक खोड ठाऊक असेल. प्लेटवर जंतू वाढले की झाकण उचलून आधी वास घ्यायचा. एका जंतूला तर चक्क द्राक्षांचा वास येतो आणि नाशिककराला तो काय शिकवायचा? पण काही जंतू वास घेणाऱ्यालाच आडवं करतात. म्हणून मॅडमनी शिक्षा ठरवली होती. वास घेताना सापडलात, की कपडे वाळत घालायचा लाल चिमटा दिवसभर कॉलरला. कँटीनमध्येसुद्धा.

तो सगळ्यात जास्त मिरवला वैशालीने. ती पिंपळगावच्या बागायतदाराची मुलगी.

"मॅडम, सवय हाय हो. घरी द्राक्षंच हायेत."

"मग घरी घे वास. इथं तुझं नाक माझ्या ताब्यात."

एकदा येवल्याकडच्या एका शेळीवाल्याचं रक्त आलं होतं. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. बाटलीतल्या रक्तात नेहमीच्या जंतूंपेक्षा उशिरानं काहीतरी वाढलं आणि प्लेटवर सुईच्या टोकाएवढे ठिपके उमटले. वॉर्डातले डॉक्टर रिपोर्टसाठी फोनवर मागे लागले होते. मॅडम फोनवर बोलत प्लेट घेऊन कोपऱ्यात गेल्या. परत येऊन त्यांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बोलता बोलता थांबल्या.

"सगळ्यांनी हात थांबवा. ही प्लेट जंतू ओळखायच्या मशिनमध्ये जाणार नाही." त्यांनी प्लेटला टेप लावला, ती जंतू बाहेर न सोडणाऱ्या सेफ्टी कॅबिनेटमध्ये नेली आणि फोनवर म्हणाल्या, "डॉक्टर, कच्चं दूध पितो का विचारा त्याला. मला ब्रुसेलाची शंका आहे."

जनावरांकडून माणसाला लागणारा हा जंतू उघड्या प्लेटवरून श्वासावाटे लॅबवाल्यालाही गाठतो. आम्ही एकमेकांची तोंडं पाहत होतो. मॅडमनी खण उघडला, चिमटा काढला आणि स्वतःच्या कॉलरला लावला.

"बघता काय? मघाशी कोपऱ्यात मीच वास घेतला. जुनी खोड, मेल्याशिवाय जायची नाही."

कुणीही पाहिलं नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर कळलंही नसतं.

मोठ्या प्रयोगशाळेनं शंका खरी ठरवली. शेळीवाल्याला योग्य औषध मिळालं, तो बरा झाला. मॅडमनाही गोळ्या आणि ठरावीक दिवसांनी रक्ततपासण्या सुरू झाल्या, पण ताप महिन्यांनंतरही उगवू शकतो, आणि त्या तर निवृत्तीला आलेल्या. आम्हाला खरंच भीती वाटत होती. त्या मात्र रोज सकाळी थर्मामीटर नाचवत यायच्या. "अजून थंडच आहे म्हातारी! नाक खिशात!" शेवटची रक्ततपासणी होईपर्यंत चिमटा काढणार नाही, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. "मी प्रमुख, माझी शिक्षा मोठी."

तो शेवटचा रिपोर्ट निरोपसमारंभाच्या दिवशी आला. वैशालीनं तो मोठ्यानं वाचला, "काही नाय, मॅडम, काही नाय!" आणि रडायलाच लागली.

आम्ही गुलाबांचा गुच्छ दिला, तर मॅडमनी तो सवयीनं हात लांब करून धरला. मग स्वतःशीच हसल्या. कॉलरचा चिमटा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"आता घेऊ ना गं वास?" त्यांनी वैशालीला विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता अख्खं तोंड गुलाबांत खुपसलं.