उरलेलं रंगमंचावर पाहा

नवऱ्याला ओरगडमच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याहून चेन्नईला आलो, तेव्हा मला तमिळमधले दोनच शब्द येत होते, आणि त्यातल्या एकाचा अर्थ मी चुकीचा धरून चालले होते. कंपनीची बस त्याला उजाडायच्या आत घेऊन जायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून आले होते. मांबलमच्या त्या भाड्याच्या घरात दिवसभर भांडी या फळीवरून त्या फळीवर लावत बसायचे. आधी आकाराप्रमाणे, मग कंटाळा आला की वापराप्रमाणे.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायच्या. सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एकदा जिन्यात मी आईशी फोनवर बोलत होते, तर त्या दारात येऊन थांबल्या. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही मराठी की? हिंगे या."

हिंगे म्हणजे इथे, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. तंजावरकडच्या मराठी माणसांबद्दल मी नुसतं ऐकून होते. त्यांचे शब्द माझ्या पणजीच्या काळातले आणि चाल तमिळ. ती चाल मला कागदावर उतरवता येणार नाही, म्हणून त्यांचं बोलणं इथे बरंचसं माझ्याच मराठीत देते आहे. मी त्यांना मावशी म्हटलं, ते त्यांना पटलं नाही. "अक्का म्हण," त्या म्हणाल्या. कॉफी पिताना त्यांनी मी साताऱ्यात काय करत होते ते विचारून घेतलं, आणि कप खाली ठेवायच्या आत मला मागच्या खोलीत नेलं.

तिथे पत्र्याच्या ट्रंका होत्या. अक्कांच्या वडिलांची तमिळ नाटकांची कंपनी होती. नट पगारावर, स्वयंपाकघर कंपनीचं, आणि कायम तयार असलेली बरीच नाटकं. एका गावी मुक्काम टाकायचा आणि रोज रात्री वेगळं नाटक लावायचं. वडील स्वतः मालक आणि नायक. अक्कांची आई नायिका. सिनेमाचा जोर वाढल्यावर कंपनी बंद पडली, पडदे आणि पोशाख विकले गेले, आणि कागद मात्र कोणी विकत घेईना म्हणून घरी आले. आता त्या खोलीला ओल धरली होती.

"हे नीट लाव," अक्का म्हणाल्या, "म्हणजे एखादं ग्रंथालय तरी घेईल."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मजेचं काम तसं सुरू झालं. ट्रंकांत गुलाबी, पिवळ्या, पोपटी पातळ कागदांवर छापलेली हस्तपत्रकं होती. गावात नाटक आलं की घोड्याच्या गाडीतून ढोल वाजवत ती उधळायची रीत होती. कार्यक्रमपत्रिका आणि गाण्यांची चिमुकली पुस्तकं होती, फाडलेल्या तिकिटांचे अर्धे तुकडे, उकाड्यात वाटायचे पुठ्ठ्याचे पंखे, त्यांच्या एका बाजूला नायिकेचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला केसांच्या तेलाची जाहिरात. पत्रकांवर वार आणि तारीख होती, पण साल कशावरच नव्हतं. उद्याच्या खेळाची जाहिरात करणाऱ्याला साल कशाला लागतंय? म्हणून आम्ही सालाचा नाद सोडला आणि नाटकाप्रमाणे गठ्ठे लावले. अक्का वाचून मराठीत सांगायच्या, मी लिहायचे.

प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत नाटकाची गोष्ट छापलेली असे, पण अर्धीच. ऐन रंगात आली की वाक्य तुटायचं आणि खाली ठळक अक्षरांत असायचं, "उरलेलं रंगमंचावर पाहा." पौराणिक नाटकांचं त्यानं काही बिघडत नव्हतं, त्यांचा शेवट सगळ्यांनाच माहीत. बाकीच्या नाटकांत काय झालं ते अक्का सांगायच्या. पण एका नाटकाशी आम्ही अडलो.

एक व्यापारी गलबतातून परदेशी जातो. धाकटा भाऊ येऊन सांगतो की गलबत बुडालं. तो घरदार बळकावतो, वहिनीला बाहेर काढतो. ती बंदरावर खाणावळ काढते, चांगली नावारूपाला येते. धाकट्याला साप चावतो. बऱ्याच वर्षांनी दाढी वाढलेला एक माणूस खाणावळीत येऊन पानावर बसतो. ती वाढते. तो पहिला घास घेतो, मान वर करतो आणि म्हणतो...

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"उरलेलं रंगमंचावर पाहा," अक्कांनी वाचलं.

"पण शेवटी काय होतं?"

"मला काय ठाऊक? साप आला की मला झोपायला न्यायचे. मला सापाची भीती वाटायची."

संहिता कुठेच सापडली नाही. मी रोज तो गठ्ठा उघडून बघायचे, जणू रात्रीतून एखादं वाक्य पुढे छापलं जाणार होतं. नवराही कारखान्यातून आला की बूट काढता काढता विचारायचा, "जेवला का तो दाढीवाला?" त्याच्या बसमधल्या दोघा-तिघांनाही त्यानं ही गोष्ट सांगून लटकवून ठेवलं होतं.

शेवटी अक्कांनी आठवून आठवून धाकट्या भावाचं काम करणाऱ्या नटाचा पत्ता काढला. ते तांबरमला मुलीकडे राहत होते. आम्ही गेलो तेव्हा व्हरांड्यात बसून शेंगा सोलत होते. अक्कांना त्यांनी लगेच ओळखलं आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "ये, बैस. हात धुतलेस का? सांडू नको."

मी चकित झाले. अक्का हसून म्हणाल्या, "हे लहानपणी कंपनीत आले. मराठी आमच्या आजीकडून शिकले, आणि आजी स्वयंपाकघराबाहेर कधी आलीच नाही." त्यांना आमची भाषा येत होती ती फक्त वाढण्याची आणि रागावण्याची. बाकीचं ते तमिळमध्ये बोलले आणि अक्कांनी मला सांगितलं.

पत्रिका हातात घेऊन ते बराच वेळ आपलं नाव वाचत राहिले. मी न राहवून विचारलं, "शेवट काय होता?"

"माहीत नाही," ते म्हणाले.

"पण तुम्ही तर त्यात होतात."

"होतो की. दुसऱ्या अंकात मरायचो. मेल्यावर मला फार भूक लागायची. मी थेट जेवायला जायचो." मग मराठीत पुस्ती जोडली, "अजून वाढू का? पोटभर जेव."

परतीच्या गाडीत आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरच्या बाईनं आम्हाला पाणी देऊ केलं.

त्यानंतर अक्कांच्या डोक्यात आलं, की ग्रंथालयाला देण्याआधी हे सगळं लोकांना एकदा दाखवावं. जवळच्या सभागृहाच्या चिटणीसांनी एका रविवारची सकाळ दिली. नवऱ्यानं आणि त्याच्या बसमधल्या मित्रांनी दोऱ्या बांधल्या, आम्ही कपड्यांच्या चिमट्यांनी पत्रकं टांगली. पंखे चालू करता येईनात, कारण कागद उडायचे, म्हणून सगळे घामाघूम. तरी म्हातारी माणसं येत राहिली. कोणी आपलं जपलेलं तिकीट आणलं होतं, कोणी गाण्याच्या पुस्तकातून उभ्या उभ्या गायला लागलं. तांबरमहून नटसाहेब इस्त्रीचं वेष्टी-धोतर नेसून आले आणि आपलं नाव असलेल्या दोरीखालून हललेच नाहीत.

मी खाणावळीच्या पत्रिकेजवळ थांबले होते. चष्मा लावलेले एक आजोबा पुढे झाले आणि वाचून म्हणाले, "हे मी कुंभकोणमला पाहिलं आहे." एव्हाना मला एवढं तमिळ कळत होतं.

मी धावत अक्कांना घेऊन आले. "शेवट सांगा," अक्का म्हणाल्या.

"तो नवराच असतो. ती त्याला ओळखते, तो तिची क्षमा मागतो, दोघं एक होतात. मंगल गाणं होतं आणि पडदा."

"काहीतरीच," मागून एक आजी म्हणाल्या. "मी मदुरैला पाहिलं. ती त्याला ओळखते, पण बोलत नाही. त्याला पोटभर वाढते आणि म्हणते, झालं असेल तर उठा, बाहेर लोक थांबले आहेत. तो जातो. गाणंबिणं काही नाही. माझी सासू त्यावर घरी येईपर्यंत बोलत होती."

"तुम्ही दुसरं नाटक पाहिलं असेल."

"दुसरं पाहायला मी काय आंधळी आहे?"

भोवती गर्दी जमली. अक्का मला भराभर मराठीत सांगत होत्या. तेवढ्यात नटसाहेब पुढे आले. त्यांचा चेहरा एखादं जुनं कोडं सुटल्यासारखा झाला होता.

"म्हणूनच," ते हळू म्हणाले. "मी आत जेवत असायचो. कधी मंगल ऐकू यायचं, कधी नाही यायचं. मला वाटायचं हार्मोनियमवाला विसरतो. मी त्याला बोललोही आहे." मग ते अक्कांकडे वळले. "शेवट तुझी आई ठरवायची. रंगमंचावर पानासमोर उभी राहिली की तेव्हा ठरवायची. हार्मोनियमवाला तिच्या हाताकडे बघत बसायचा. आणि त्या नाटकाच्या दिवशी तुझे अप्पा सकाळपासून तिच्याशी किती गोड बोलायचे. मालक असून."

अक्का खुर्चीवर बसल्या. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. पण त्या हसत होत्या, आवाज न करता, पदर तोंडाला लावून, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"घरी भाजी कोणती करायची तेसुद्धा अम्मा अप्पांना विचारायची," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर विचारलं. आणि मी मनात म्हणायचे, हिला स्वतःचं काही नाहीच का?"

आजोबा आणि आजी मात्र थांबले नव्हते. बारा वाजता सभागृह रिकामं करायचं होतं, म्हणून चिटणीसांनी दोघांना वाद घालतच पायऱ्यांपर्यंत नेऊन सोडलं.

पुढच्या महिन्यात एका ग्रंथालयानं ते सगळे गठ्ठे घेतले, आणि सूची करायला कोणीतरी हवं म्हणून मलाही घेतलं; तमिळ वाचून दाखवायला अक्का होत्याच. खाणावळीच्या नाटकाच्या नोंदीत मी शेवट दोन लिहिले, गावांच्या नावांसकट.

मग एक दिवस अक्कांना तिरुनेलवेलीहून कोणाचा तरी फोन आला. प्रदर्शनाची हकीकत त्यांच्या कानावर गेली होती. त्यांच्या गावच्या खेळात तिनं दाढीवाल्याला ओळखलं, ठेवूनही घेतलं, पण उष्टी पानं उचलायला. लोक बाकांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे.

अक्का धापा टाकत जिना चढून वर आल्या. मी दार उघडल्यावर त्यांनी आधी श्वास घेतला.

"हासुद्धा लिही," त्या म्हणाल्या. "मला हाच आवडला."