गोळ्यांची बेगमी

आमच्या घरातली बंदूक बायकोची आहे, हे सांगितलं की केंब्रिजमधले मराठी लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा दयेनं बघतात. ती नागपूरची. कॉलेजात एन.सी.सी.त होती, आणि नेम असा की राज्याच्या नेमबाजी शिबिरासाठी तिची निवड झाली होती. नेमकं त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. "लग्नघरातली पोरगी बंदूक घेऊन कुठं चालली?" असं सासरेबुवा म्हणाले आणि विषय संपला. तिच्या मनात मात्र तो कधीच संपला नाही. लग्नानंतर आमचं कुठलंही भांडण, मग ते भाजीवरून असो की पडद्यांवरून, त्या शिबिरापर्यंत पोचल्याशिवाय मिटलेलं नाही.

त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर तिनं इथे बंदुकीच्या लायसन्सचा कोर्स केला, गावाबाहेरच्या रायफल क्लबात नाव घातलं आणि तिथल्या एका निवृत्त आजोबांकडून त्यांची जुनी पॉइंट टू-टू रायफल विकत घेतली, तेव्हा मी मधे आलो नाही. ऑक्टोबरात क्लबची मॅच होती. तिला आयुष्यात एकदा, एकदाच, अख्खी मॅच खेळायची होती.

अडचण आली ती गोळ्यांची. त्या वर्षी टू-टूच्या गोळ्या दुकानांतून गायब व्हायला लागल्या होत्या. आल्याच तर माणशी एक डबा. का, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. पण क्लबात जो तो दुसऱ्याला "मिळतायत तोवर घेऊन ठेव" असं सांगत होता. हे मराठी बाईला सांगावं लागत नाही. पैसे मात्र मोजके होते. ती एका किराणा दुकानाच्या बेकरीत पार्ट टाइम काम करायची. त्यातलं बरंचसं घराच्या हप्त्यात जायचं आणि उरलेल्यात रेंजची फी, गोळ्या आणि तिची सगळी हौस बसवायची होती.

एका रविवारी ती डायनिंग टेबलावर हिशोबाला बसली. पद्धत तिच्या आईची, वर्षाचं धान्य भरायची: माणशी किती, सणावाराला किती, आणि वर पाहुण्यांसाठी म्हणून थोडं.

"पाहुण्यांना गोळ्या द्यायच्या?" मी विचारलं.

"तू काऊन मधे बोलून राहिला? अडीअडचणीला लागतात."

"कसली अडीअडचण? शेजाऱ्यांवर चाल करून जायचंय?"

आमची मुलगी जिन्यावरून म्हणाली, "मॉम, इट्स अ हॉबी, नॉट अ वॉर." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या वेळी तिनं मलाही दुकानात नेलं. माणशी एक डबा, म्हणजे दोघांचे दोन. रेशनच्या रांगेत घरातलं एकेक डोकं उभं करायची सवय अशी सुटत नाही. काउंटरवरच्या माणसानं माझं लायसन्स मागितलं. मी खिशातून गाडीचं काढून दिलं. त्यानं ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि फार सभ्यपणे परत केलं. परतीच्या वाटेवर बायको म्हणाली की नवरा म्हणून माझा उपयोग दिवसेंदिवस कमी होत चाललाय.

तरी डबे जमत गेले. बेसमेंटमध्ये बासमतीच्या पोत्यांशेजारी कुलपाची लोखंडी पेटी होती, तिच्यात ते एकावर एक रचलेले असायचे. लोणच्याची बरणी बघावी तशी ती अधूनमधून खाली जाऊन पेटी उघडून बघायची आणि समाधानानं वर यायची.

घोळ पुढेच झाला. साठवलेलं वापरायला तिचा जीव होईना. दर शनिवारी ती रेंजवर पाच गोळ्या नेई, पोटावर पडून पाच उडवी, रिकामी काडतुसं वेचून मोजी, की चालली घरी. एन.सी.सी.त असंच होतं म्हणे. प्रत्येकीला पाच गोळ्या, मग हवालदाराची "खाली कर", म्हणजे रिकामी कर, अशी आरोळी, की रायफल ठेवायची आणि काडतुसं मोजून परत द्यायची. पहिल्या शनिवारी तर तिनं ती पाच काडतुसं क्लबातल्या आजोबांच्या हातात नेऊन दिली. त्यांना वाटलं काहीतरी भारतीय रीत असावी. त्यांनी ती आदरानं खिशात घातली.

सप्टेंबरात तेच आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या बायकोसारखा नेम इथे कुणाचा नाही. पण मॅच चाळीस गोळ्यांची असते. तिला जरा सांग."

मी सांगितलं.

"मॅचसाठीच तर ठेवून राहिली ना मी!" ती म्हणाली. "आत्ता उडवल्या आणि ऐन वेळी नाहीच मिळाल्या तर? ऐन वेळी कोणी नाही म्हटलं तर?"

हे काही ती दुकानाबद्दल बोलत नव्हती. मी चेष्टा आवरती घेतली.

मॅचच्या सकाळी कडक थंडी होती. बघणाऱ्यांसाठी काचेमागे जागा होती, तिथे मी आणि आजोबा उभे. तिनं पहिल्या पाच गोळ्या उडवल्या. आजोबांनी दुर्बीण माझ्याकडे सरकवली. पाचही छिद्रं एका नाण्याखाली झाकली गेली असती, आणि तीही बरोब्बर मधोमध.

मग तिनं बोल्ट उघडला, रायफल खाली ठेवली आणि निश्चल पडून राहिली. आजूबाजूला सगळ्यांचे बार चालू होते. मला वाटलं, रायफल बिघडली. आजोबांनाही तसंच वाटलं. भिंतीवरचं घड्याळ पुढे चाललं होतं आणि ती हनुवटी टेकवून समोर बघत होती. आणि एकदम मला कळलं, ती हवालदाराच्या हुकुमाची वाट बघतेय.

मॅचमध्ये बाहेरून बोलायला बंदी होती. तरी मी काचेमागून मराठीत ओरडलो, "अगं, कुणी थांबवलेलं नाही तुला!" तिच्या कानांवर आवाज अडवणारे जाड मफ होते. ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

तिनं मान वळवून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळे आपापले उडवत होते. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मग तिचा हात हळूच डब्याकडे गेला आणि तिनं सहावी गोळी भरली.

पुढच्या गोळ्या कुठेकुठे गेल्या, ते विचारू नये. खांदा भरून आला, आणि नंबर आला तो खालूनच मोजावा असा. पण चाळिसावी उडेपर्यंत ती जागची उठली नाही. काचेमागे मी चक्क रडत होतो, आणि शेजारी आजोबा खिडकीबाहेरची झाडं फार लक्ष देऊन बघत होते.