जजकाकूंचं चारचं कोर्ट

दुपारी चार ते पाच जजकाकू कुणाचाही फोन उचलत नसत. त्या वेळी टीव्हीवर कोर्टाचा कार्यक्रम असायचा. खरी भांडणं, खरे वादी-प्रतिवादी, काळ्या झग्यातली एक खमकी न्यायाधीशबाई आणि अर्ध्या तासात निकाल. कुणाचं कुत्रं शेजाऱ्याला चावलेलं, कुणी लग्नाचा केक भलत्याच हॉलवर पोचवलेला. काकू ताठ बसून ऐकत. जाहिराती लागल्या की आपला निकाल सांगून टाकत. तो बाईंच्या निकालाशी जुळला नाही, तर म्हणत, "बाई आज दमल्यात."

मी शिकायला परदेशात आले, तेव्हा श्रूजबरीतल्या त्यांच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली होती. माझी शाळा उमरखेडची, आणि आमच्या घरातली पहिली पदवी माझी. लॅबमध्ये काही बिनसलं की मला बोलताच येत नसे, आधी रडू यायचं. एकदा तशीच घरी आले. काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला. "वर्षा, आधी काय झालं ते सांग. काय वाटलं ते नंतर." मी सांगितलं. "हं. आता हेच उद्या प्रोफेसरांना सांग. याच क्रमानं." आजही मॅनेजरसमोर बसले की तो क्रम मनात चालू असतो. नोकरी त्यानंच टिकली, असं मला वाटतं.

आईवडील ऑफिसमधून येईपर्यंत आसपासची चार मराठी मुलं काकूंकडे असत. जजकाकू हे नाव त्यांनीच ठेवलेलं. भांडण झालं की पाच वाजता सोफ्यावर सुनावणी.

"काकू, कबीर ब्रोक माय स्पेसशिप!" आर्या ओरडायची.

"कोर्टाची भाषा मराठी. पुन्हा सांग."

"कबीरनी माझं... माझं ते यान तोडलं. ऑन पर्पज!"

"कबीर, तुझं काय म्हणणं आहे?"

"आय वॉज जस्ट लुकिंग!"

"बघायला हात कशाला लागतात रे?" पण निकाल मात्र त्या कबीरचं सगळं ऐकूनच देत. तो खोटं बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळत असलं, तरीही.

नाताळच्या सुट्टीत मुलं नव्हती. धुण्याचे कपडे घेऊन उतरताना काकू तळघराच्या जिन्यावरून पडल्या. मी अंधार पडल्यावर घरी आले, तेव्हा वर टीव्ही चालू होता आणि काकू खाली फरशीवर होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. देशाच्या पश्चिम टोकाच्या बेलव्ह्यूहून त्यांचा मुलगा नितीन आला. ऑपरेशन झालं, आणि मग वाद सुरू झाला. तो म्हणे, घर विकू, माझ्याकडे चल. काकू म्हणत, माझं सगळं इथं आहे. थंडी सरत आली, नितीन पुन्हा येऊन गेला, पुन्हा आला, तरी वाद मिटेना. शेवटी आर्याच म्हणाली, "काकू, यू गाइज नीड अ ट्रायल."

काकूंची काळी शाल पांघरून आर्या खुर्चीत बसली. काकू वॉकर धरून उभ्या राहिल्या.

"हे घर मी आणि ह्यांनी मिळून घेतलं. इथला डॉक्टर मला नावानं ओळखतो. ही मुलं आहेत, वर्षा आहे. तिकडे तू आणि सूनबाई दिवसभर ऑफिसात. मी भिंतींशी बोलू?"

आर्यानं नितीनकडे बोट केलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "माझा लंच ब्रेक एकला असतो. तेव्हा इथे चार वाजलेले असतात. तू पडलीस त्या दिवशी मी फोन केला होता. तू उचलला नाहीस. मला वाटलं, कोर्ट चालू असेल. मी फोन ठेवला आणि जेवलो, आई."

आर्याचे डोळे भरले. "आय डोन्ट वॉन्ट टू बी द जज."

"अगं, रडायचं नाही. कोर्ट आहे." काकू हळूहळू खाली बसल्या. "निकाल मी देते. नितीनच्या बाजूनं."

उन्हाळ्यात घर विकलं गेलं. मी दोन गल्ल्या सोडून एका अपार्टमेंटमध्ये राहायला गेले.

असे कार्यक्रम गावोगावची टीव्ही स्टेशनं विकत घेतात आणि आपापल्या सोयीनं लावतात, हे काकूंना बेलव्ह्यूला गेल्यावर कळलं. "इथे सकाळी दहाला लागतं गं," त्या फोनवर म्हणाल्या. "आंघोळ झालेली नसते, आणि यांची भांडणं सुरू!" पुढे नवे भागही बंद झाले. तिकडे आता जुनेच खटले लागतात. निकाल पाठ असूनही काकू दोन्ही बाजू पुन्हा ऐकतात. आमच्या स्टेशननं तर चारला बातम्याच सुरू केल्या. आर्या आता बास्केटबॉलला जाते. मी दिवसभर स्क्रीनसमोर असते, आणि दुपारनंतर डोकं चालेनासं होतं.

चारला फोन न उचलणाऱ्या काकू आता माझ्या घड्याळात चार वाजले की फोन करतात. मीटिंग चालू असली तरी मी पहिल्या रिंगला उचलते.

"उचललास? बरं," त्या म्हणतात. "बोल. आज काय झालं?"