लॅपटॉपचं ऑपरेशन

आमच्या घरात आजवर कोणाचंही ऑपरेशन झालेलं नाही. तरी माझ्या नवऱ्याचं पोट कापलं ही बातमी निर्मल गावापर्यंत पोचली, आणि ती पोचवली मी! तीही बायकांच्या फुकट बसमध्ये बसून. तिकीट काढावं लागलं असतं तर मी घराबाहेर पडलेच नसते आणि माझी अब्रू शाबूत राहिली असती.

झालं असं. आमची पल्लवी आदिलाबादला हॉस्टेलवर राहून कॉलेज करते. तिच्यासाठी माझ्या भावानं, दिलीपनं, भैंशाहून एक जुना लॅपटॉप आणून दिला. तो तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, आणि लॅपटॉप त्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा. दिसायला वस्तू झकास होती. फक्त चालू केली की काळा पडदा यायचा आणि तो पडदा काही उघडायचा नाही. पल्लवी रविवारी बोथला घरी आली, खूप वेळ बटणं दाबत बसली आणि म्हणाली, याची ऑपरेटिंग सिस्टीम गेली आहे. पहिल्या मालकाकडं त्याच्या सीड्या असतील, त्या लवकर आणून ठेव, उशीर केलास तर यातलं काहीच वाचणार नाही. एवढं सांगून ती हॉस्टेलवर गेली. माझ्या डोक्यात 'ऑपरेटिंग' पोचेपर्यंत त्याचं 'ऑपरेशन' झालं होतं. (मी सातवीपर्यंत शिकले. ज्यांनी शिकवलं त्यांचा काही दोष नाही.)

दिलीपला फोनवर कितीदा सांगितलं, पण तो 'उद्या आणतो'च्या पुढं सरकेना. शेवटी फुकट बससाठी लागणारं आधार कार्ड पिशवीत टाकलं आणि मीच भैंशाला गेले. त्या व्यापाऱ्यानं भल्या मनानं कपाट उपसून सीड्यांचं पाकीट काढून दिलं. मोहीम फत्ते झाल्याच्या आनंदात मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले आणि ह्यांना, म्हणजे आमच्या घरधन्याला, फोन लावला. रेंज कमी होती, म्हणून आवाज वाढवला.

"अवो, ऑपरेशनच्या सीड्या भेटल्या! पोरगी म्हने आता उशीर केला तं काईच वाचनार नाई!"

बसमधली कुजबूज थांबली. मला वाटलं, माझ्या हुशारीचा दरारा पडला. शेजारच्या बाईनं माझ्या हातावर हात ठेवून हळूच विचारलं, कोनतं ऑपरेशन हाय बाई. मी म्हटलं, लॅपटॉपचं.

"हाव, दुर्बीण टाकून करते ते," ती म्हणाली. "माह्या भावजयीचं बी तसंच झालं. टाके कमी पडते."

लॅपटॉपमध्ये दुर्बीण कुठून घालतात ते मला माहीत नव्हतं. पण नुकतीच एवढी मोहीम फत्ते केलेली बाई 'मला कळलं नाही' असं कसं म्हणणार? मी जाणकारासारखी मान हलवली. मग तिनं बसमधल्या रिवाजाप्रमाणं गाव, आडनाव, माहेर, सासर सगळं विचारून घेतलं आणि मीही सांगितलं. घरच्याचंच हाय का, असंही विचारलं; लॅपटॉप घरचाच, म्हणून मी हो म्हटलं. निर्मलला उतरताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, काय प्रेमळ बाई!

ही प्रेमळ बाई आमच्या आत्याबाईंच्या गल्लीत राहणारी निघाली.

आत्याबाई म्हणजे ह्यांची सख्खी आत्या. आई लवकर गेली म्हणून ह्यांना त्यांनीच वाढवलं. पण आमच्या घराच्या वास्तुशांतीपासून त्या रुसून होत्या, आणि तो दोषही माझाच. मानाची साडी म्हणून मी त्यांना जी नेसवली, ती त्यांनीच मला आदल्या दिवाळीला दिलेली होती. पदर पाहताच त्यांनी ओळखली. तेव्हापासून येणं नाही, जाणं नाही, फोनसुद्धा नाही. ह्यांनी वरून दाखवलं नाही, पण सणावाराला जेवताना घास हातात धरून बसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे वांग्याच्या वाडीतून उन्हाचे आले, डोक्यावर ओला रुमाल टाकून ओसरीतल्या खाटेवर आडवे झाले आणि घोरायला लागले. तेवढ्यात दारात ऑटो थांबला. आत्याबाई उतरल्या, मागून त्यांचे जावई संतोषराव नारळपाण्याची शहाळी घेऊन उतरले. संतोषरावांचं निर्मलला औषधाचं दुकान आहे. आत्याबाईंनी खाटेवरचा देह पाहिला, डोक्यावरची पट्टी पाहिली आणि गळाच काढला.

"नामदेवा, तुही आत्या मेली होती काय रे? मले सांगतलं बी नाई!"

हे धडपडून उठले. समोर इतक्या काळानंतर आत्या, तीही रडताना. ह्यांचाही चेहरा पडला. घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोन गेलं?"

आत्याबाईंनी ह्यांना परत निजवलं. भूल उतरली नाई अजून, असं संतोषरावांना म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, बसमधल्या बाईनं काय सांगितलं ते सगळं रडत रडत सांगितलं. ऐकता ऐकता दुर्बिणीचा अर्थ मला लागला. तोंड उघडायची तीच वेळ होती. पण आत्याबाई ह्यांच्या केसांतून हात फिरवत होत्या, आणि हे लहान पोरासारखे डोळे मिटून पडले होते. मी म्हटलं, आता बरं हाय त्यायले. एवढंच म्हटलं. पण एवढंही पुरलं.

पुढचा कारभार आत्याबाईंनी हातात घेतला. स्वतः चुलीशी बसून ह्यांच्यासाठी तांदळाची पातळ पेज केली, मीठही बेतानंच. आमच्यासाठी भाकरी, भरली वांगी आणि ठेचा. ह्यांनी वांग्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. आत्याचा हात आपल्या तोंडापर्यंत येतोय म्हटल्यावर ते पेजसुद्धा प्यायला लागले.

जेवता जेवता आत्याबाईंना सीडीची आठवण झाली. संतोषराव औषधातले जाणकार, त्यांनी एकदा पोटाचा फोटो पाहावा, असं त्यांच्या मनात आलं. सीडी कशात पाहू म्हणून ते इकडंतिकडं बघतात तर फळीवर लॅपटॉप आणि शेजारी पाकीट! मी उठून 'राहू द्या, जेवण होऊ द्या' म्हणेपर्यंत त्यांनी हात धुतले, लॅपटॉपच्या कडेचं ताट बाहेर काढलं आणि त्यात सीडी ठेवून आत ढकलली. यंत्र गुरगुरलं. पल्लवीला न जुमानणारा पडदा उजळला. आत्याबाई हात जोडून समोर बसल्या. हे पेजेची वाटी घेऊन उठून बसले, कारण स्वतःचं पोट आतून कसं दिसतं ते त्यांनाही बघायचं होतं.

संतोषराव पडद्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघत राहिले.

"काय निंगलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"भाषा कोणती ठेवू, विचारून राह्यला," संतोषराव म्हणाले.

"मंग मराठी सांग ना!"

तिथं मला राहवलं नाही. पदर तोंडाला लावून मी सगळं सांगितलं. फोन, दुर्बीण, हलवलेली मान, काहीच ठेवलं नाही. संतोषराव कॉम्प्युटरमध्ये फारच गुंतल्यासारखे झाले. आत्याबाईंनी ह्यांचं बनियन वर केलं, पोट इकडून तिकडून दाबून पाहिलं, दुखते काय म्हणून विचारलं. नाई म्हटल्यावर बनियन खाली केलं. आता ऑटो बोलावतात की काय, या भीतीनं मी दाराकडं बघत होते.

"त्याले काई झालं नाई तं तो पेज काऊन पिऊन राह्यला?" त्या मला म्हणाल्या. "वाढ त्याले वांगं."

मी वाढलं. पाया पडले, तेव्हा त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "येवढं रडून बसली मी. आता परत रुसता बी येत नाई."

लॅपटॉप संतोषरावांनी संध्याकाळपर्यंत चालू करून दिला. जाताना अगदी नम्रपणे म्हणाले, वैनी, मले फोन केला असता तं हे काम घरबसल्या झालं असतं. आत्याबाई मात्र मुक्कामाला राहिल्या, आणि ह्यांना हवं ते खाऊ घालून, माझ्या हातच्या वरणाला नावं ठेवून मगच गेल्या.

बोथच्या बाजारात मला पुढं कितीतरी दिवस 'टाके सुकले का' म्हणून विचारत. मी भाजीची पिशवी तोंडापुढं धरून निघून जात असे. मग पावसाळ्यात ह्यांना खरंच ताप भरला. दवाखान्यात भरती केलं, तर गल्लीतली एक ओळखीची बाई वॉर्डातच भेटली. ह्यांच्याकडं बघून म्हणाली, काऊन आल्या वैनी, काय झालं?

माझी जीभ घसरलीच. म्हटलं, काई नाई, लॅपटॉपचं काम होतं.

ह्यांच्या हाताला तेव्हा सलाईन लावलेलं होतं.