चाड्याचं गिरमिट
करडईच्या तेलाचा वास आला, की ज्वारीच्या पेरणीचा तो दिवस आठवतो. तिफणीचं चाडं, म्हणजे बी सोडायचा लाकडी वाडगा, फुटलं होतं. बी खाली पडायची भोकं पाडायला नवऱ्यानं नव्या चाड्याला ड्रिल लावलं आणि तेही चिरलं. आता एकच कोरं चाडं उरलं. वारं सुटलेलं, रानातली ओल उडत चाललेली, माझा पाय एका जागी ठरेना. सासूबाईंनी चुना ढवळायची मोडकी पळी धुऊन करडईच्या तेलात बुडवली. "पळी न्हाई ही, तुझ्या सासऱ्याचं भोकं पाडायचं गिरमिट हाय." त्या ते चाड्यात सावकाश फिरवत होत्या, मधेच भोकात बोट घालून बघत होत्या. "बोट अडलं तर ज्वारी बी अडंल." उन्हं कलताना मी चाड्यावर मूठ धरून ज्वारी सोडू लागले. आता ट्रॅक्टर पेरतो. तरी तसं वारं सुटलं, की रिकामी मूठ आपोआप वळते.