दोन दवाखाने, एक थांबा

बसकंपनीच्या कचेरीत त्यांना सगळे 'जोडराव' म्हणत. एकच गोष्ट दोनदा दिसली की या गृहस्थांचं डोकं फिरे. स्वयंपाकघरात दोन गाळण्या सापडल्या, तर एक कुणाला तरी देऊन टाकेपर्यंत त्यांना चहा गोड लागत नसे. बायको म्हणायची, "नशीब, मला जुळी बहीण नाही!"

वेळापत्रकाची एक्सएमएल फाइल, म्हणजे संगणकाला वाचता येणारी यादी, हाती आली तेव्हा जोडरावांना घबाडच मिळालं. प्रत्येक मार्गाखाली प्रत्येक थांबा नव्याने लिहिलेला. 'बाजार'चा टॅग, म्हणजे त्या नावाची नोंद, एकदा येऊन गेला की पुढच्या मार्गात पुन्हा हजर! त्यांनी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली: सारख्या नावाचे टॅग दिसले की एकच ठेवायचा आणि सगळे मार्ग त्याच्या पोटात घालायचे. फाइल निम्मी झाली. साहेबांनी पाठ थोपटली आणि दुपारी ती प्रवाशांच्या ॲपमध्ये गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सासूबाई गुडघा दाखवायला निघाल्या. जावयाच्या हुशारीवर भारी विश्वास. ॲपने सांगितलेल्या बसमध्ये बसल्या, 'दवाखाना' आला तशा उतरल्या. घरी आल्या त्या पिशवीत मांजराचं पिल्लू घेऊन.

"जावईबापू, रांगेत माझ्यापुढे बोकड होता हो!"

"मग?"

"मग काय! डॉक्टर म्हणाला, आजी, तुमचा पेशंट कुठे बांधलाय? म्हटलं, पेशंट मीच!"

बायको हसता हसता खाली बसली. जोडरावांचा चेहरा मात्र पडला. गावाच्या एका टोकाला माणसांचा दवाखाना, दुसऱ्या टोकाला जनावरांचा; थांब्याचं नाव दोन्हीकडे 'दवाखाना', आणि स्क्रिप्टने दोघांना एकाच दावणीला बांधलं होतं.

"आमच्या गल्लीत तिघी 'माई' आहेत," सासूबाई म्हणाल्या, "तिघींना एकच ताट वाढाल?"

सकाळी जोडरावांनी साहेबांपुढे कान पकडले, जुनी फाइल परत लावली आणि स्क्रिप्टला अट घातली: नकाशावरची जागा जुळल्याशिवाय नुसत्या नावावर जोडायचं नाही. तरी खात्री पटेना. रजा काढून सारख्या नावांचे थांबे स्वतः पाहायला निघाले.

"थांबा, मीही येते," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा भरवसा नाही."

आधी माणसांच्या दवाखान्यात गुडघा दाखवून झाला. मग खिडकीची जागा पटकावून त्यांनी दिवसभर जावयाला गाव दाखवलं: हा जुना बाजार, तो नवा. परतताना त्यांना डुलकी लागली, मान जोडरावांच्या खांद्यावर. घराचा थांबा आला. जोडरावांनी उठवलं नाही. शेवटपर्यंत गेले आणि त्याच बसने परत आले.